मूनशेडमधली आत्या

“स्टॅग अलाउड नाही,” बाउन्सर म्हणाला.

कौसाआत्यानं माझ्याकडं पाहिलं. “काय नाय म्हणतोय?”

“एकटा पुरुष आत सोडत नाहीत.”

“एकटा कुठंय? मी हाय की.”

बाउन्सरनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वर पांढरे केस, मध्ये खोचलेला पदर आणि कापडी पिशवी, खाली निळ्या स्लीपर. स्लीपर तिच्या नव्हत्या. आयसीयूच्या दाराबाहेरच्या ढिगातून घाईत पायात आल्या त्या होत्या. दोन्ही डाव्या.

“मावशी, कपल लागतं. एक लेडीज, एक जेन्ट्स.”

“मग मी तुला कोण वाटले?”

ह्या प्रश्नावर तो खरोखर विचारात पडला. काळा टी-शर्ट, दंड माझ्या मांडीएवढा, पण चेहरा दहावीला गणितात अडकलेल्या पोराचा. त्यानं खांद्यावरचा वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला. “सर, एक आत्या आणि भाचा आलेत. कपलमध्ये धरू का?”

खरखर झाली. मग आवाज आला, “वय नको बघू. रेशो बघ, रेशो.”

अशा रीतीनं त्या रविवारी दुपारी मी आणि माझी सख्खी आत्या कपल झालो.

आम्ही मजा करायला आलो नव्हतो. बाबा चिंचवडच्या एका हॉस्पिटलात होते आणि सकाळी डॉक्टर म्हणाले होते, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायचा एकच माणूस उरला होता, माझा मोठा भाऊ रोशन. दिवाळीच्या आधी त्यानं कंपनीतली अप्रेंटिसशिप सोडून ‘इव्हेंटच्या लाइनला’ जायचं ठरवलं, तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, “परत तोंड दाखवू नकोस.” रोशननं बाबांचा दुसरा एकही शब्द इतका मनापासून पाळला नव्हता. नंतर पाडवा होऊन गेला, उन्हाळा आला, तो फिरकला नाही.

आणि त्या दुपारी बाबांनी स्वतःच मास्क बाजूला केला. आत्याचं मनगट धरलं. “रोश्याला म्हणावं, तोंड दाखव.” एवढंच बोलून मास्क परत लावला, जणू ऑफिसातलं काम संपवून खिडकी लावून घेतली.

रोशनचा फोन बंद होता. त्याचा रूमपार्टनर म्हणाला, रविवारी तो मूनशेडला असतो आणि तिथं फोन जमा करून घेतात.

“काय करतो तिथं?” मी विचारलं.

“इव्हेंट.”

इव्हेंट म्हणजे काय, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला वाटायचं मांडव घालतो. मला वाटायचं लाइट लावत असेल. आई बाबांजवळ थांबली. मी एकटाच निघालो होतो, पण आत्या रिक्षात येऊन बसली. “तुझं तो ऐकायचा नाय. माझं ऐकल. मी न्हाऊ घातलंय त्याला.”

मूनशेड हिंजवडीच्या पलीकडं टेकडीवर होतं. आत बंद हॉलमध्ये नाइटक्लब, बाहेर उतारावर उघड्यावरचं स्टेज. रविवारी दुपारपासून ‘सनडाउनर’. म्हणजे सूर्य मावळताना बघायचा, तिकीट काढून.

“दादा,” मी बाउन्सरला म्हणालो, “आम्ही आत नाही गेलो तरी चालेल. माझा भाऊ आत आहे. वडील सीरियस आहेत. त्याला नुसता बोलवून द्या.”

“नाव?”

“रोशन खिलारी. तुमच्याकडंच कामाला आहे.”

वॉकीटॉकी, खरखर. “स्टाफमध्ये असा कुणी नाही, भाऊ.”

“अहो, असेल. नीट विचारा.”

“वाईट नका मानू,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला. “ह्या गेटवर दर रविवारी कुणाकुणाचे वडील सीरियस असतात. मागच्या वेळी एकाचे सीरियस होते आणि वडीलच सोबत आले होते.”

मग आम्ही पास घेतले. आत्यानं केवढ्याला ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तिच्या बांगड्यांच्या मागं एका मुलीनं केशरी कागदी पट्टा चिकटवला. “एन्जॉय, मॅम.”

“तू पण,” आत्या म्हणाली.

पिशवीची तपासणी झाली. डबा बाहेर निघाला. थर्मास निघाला. शेवटी तांब्याचा छोटा गडू निघाला, तोंडाला डाख मारलेला.

“ह्यात काय आहे?”

“गंगा.”

“म्हणजे पाणी?”

“गंगा, लेकरा.”

“पण लिक्विड ना?”

“सील आहे ते,” मी म्हणालो.

“सील तर सगळेच करून आणतात, भाऊ. परवा एकानं शहाळ्यात भरून आणली होती.”

सकाळी आयसीयूतली सिस्टरही हेच म्हणाली होती. बाहेरचं पाणी पेशंटला द्यायचं नाही. एका दिवसात गंगेला दोन ठिकाणी प्रवेश नाकारला गेला. गडू टेबलावर ठेवला गेला, जप्त केलेल्या सेंटच्या बाटल्या आणि एका वाढदिवसाच्या केकच्या मध्ये. केकची मालकीण शेजारीच उभी राहून भांडत होती.

“वाढदिवसाला केक चालत नाही, तर मग चालतं काय?”

“आतला केक चालतो, मॅडम.”

“मग आत केक आहे का?”

“आज संपलाय.”

आम्ही हॉलमध्ये शिरलो. आत अंधार, लाल दिवे, आणि कोपऱ्यात एक मशीन फुस्स करून गुलाबाचा वास सोडत होतं. आत्या थांबली. तिनं नाक वर केलं.

“हितं कोंबड्या होत्या.”

“चल गं.”

“नाय, होत्या. मोठा शेड होता.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “रोश्या हितं काय करतोय रं?”

मागच्या दारातून आम्ही उतारावर आलो. ऊन डोळ्यांत गेलं आणि आवाज छातीत. स्टेजवर एक माणूस लॅपटॉपसमोर उभा राहून मान हलवत होता, त्याला सगळं पटल्यासारखा. अलीकडं छत्र्यांखाली टेबलं होती आणि टेबलांवर माणसं बसली होती, रेशनच्या रांगेत दुकान बंद झाल्यावर बसावीत तशी. एक गृहस्थ उठून थेट आत्याकडं आले. बायको, मेहुणी, मेहुणा मागं.

“मॅनेजमेंटच्या तुम्हीच का?”

“कोण मी?”

“वयावरून वाटलं. मॅडम, आमचं स्टेजसमोरचं टेबल बुक होतं. आम्हाला जनरेटरजवळ बसवलंय. बँड येणार होता, त्याच्या जागी हा लॅपटॉप आलाय. बटाटे मागवून पाऊण तास झाला. बिअर गरम आहे. आणि सूर्य त्या होर्डिंगच्या मागं मावळणार आहे, दिसणारच नाही. ही काय पद्धत झाली?”

“मी पण माणूसच शोधायला आलेय, बाबा,” आत्या म्हणाली.

“मग वेटर दिसला तर आमच्याकडं पाठवा.”

अगदी पुढं, स्टेजला लागून, मात्र वेगळीच दुनिया होती. तिथं दोरी लावलेली होती आणि दोरीच्या आत पोरंपोरी बेभान नाचत होती. एकमेकांच्या गळ्यात पडत होती, आकाशाकडं हात करत होती, डोळे मिटून हसत होती. त्यांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होता. मी थोडा वेळ बघत राहिलो आणि मला एक गोष्ट कळेना. ज्यांनी पैसे भरले होते ते सगळे बसून होते, मग हे इतके खूश कोण?

आणि त्यांच्या मधोमध माझा भाऊ होता.

पांढरा शर्ट, गॉगल, गळ्यात चमकणारी माळ, गालांवर चमकी. घरी तो हसताना तोंडावर हात घ्यायचा, पुढचा दात तुटका होता म्हणून. इथं सगळे दात दाखवून हसत होता. मी निरखून पाहिलं. दात नवा होता.

दोरीजवळ एका पोरानं मला छातीला हात लावून थांबवलं. “मागं व्हा सर. इथं गेस्ट अलाउड नाहीत.”

“मग हे कोण आहेत?”

“हे क्राउड आहे.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही गेस्ट.”

“क्राउड म्हणजे?”

त्यानं आजूबाजूला पाहिलं, मग कानाशी येऊन ओरडला, “नाचायला ठेवलेत! व्हिडिओत रिकामं दिसायला नको ना. लोक व्हिडिओ बघून येतात.”

“त्या पांढऱ्या शर्टवाल्याला बोलव ना. एकच मिनिट. घरचा माणूस आहे.”

“आठच्या आत थांबता येत नाही त्यांना. तो टोपीवाला बघताय ना, तो बोट खाली करेपर्यंत.”

बाजूला उंच स्टुलावर एक टोपीवाला उभा होता आणि बोट हवेत गोल गोल फिरवत होता. बोट जोरात फिरलं की सगळ्यांचा आनंद वाढत होता.

म्हणजे माझा भाऊ मांडव घालत नव्हता, लाइटही लावत नव्हता. तो खूश असायच्या कामाला होता.

मी हे आत्याला सांगायला वळलो, तर आत्या नव्हती. ती दोरीखालून वाकून कधीच आत गेली होती.

रोशननं नंतर मला सांगितलं की त्यांना सगळं आधी शिकवून ठेवलेलं असतं. फ्लोअरवर लहान मूल आलं की उचलून घ्यायचं. दारुड्या आला की त्याच्याकडं पाठ करायची. म्हातारं माणूस आलं की भोवती गोल धरायचा आणि टाळ्या वाजवायच्या, कारण म्हाताऱ्या माणसाला लोक जास्त बघतात. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की आत्या गर्दीत शिरली, टोपीवाल्याचं बोट थबकलं, मग दुप्पट वेगानं फिरलं, आणि गर्दी एकदम मागं सरून तिच्याभोवती गोल झाली.

गोलाच्या मध्ये आत्या एकटी. पदर खोचलेला. एक स्लीपर गेलेली. ती एका चेहऱ्याकडं बघायची, तो रोशन नसायचा, मग गर्रकन दुसरीकडं वळायची. सगळे सारखेच हसत होते, सारखेच गॉगल. ती परत वळायची. उंचीनं बुटकी, म्हणून त्याला दिसावं ह्यासाठी तिनं दोन्ही हात वर केले आणि त्याच्या नावानं ओरडायला लागली. टाळ्यांचा ठेका वाढला. ती काहीतरी परत परत तेच ओरडत होती, पण स्पीकर माझ्या बाजूला होते, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ड्रोन खाली आला, पार तिच्या डोक्याशी. तिनं माशी वारावी तसा हात फिरवला. गोलातून आरोळी उठली.

तेवढ्यात रोशननं तिला ओळखलं.

आधी तो खराच हसला. मला तो फरक कळला, कारण हात तोंडाकडं गेला. त्याला वाटलं असावं, घरचं कुणीतरी त्याला बघायला आलं. आत्या त्याच्यापर्यंत पोचली, कॉलर धरून त्याला वाकवलं आणि ओरडत होती तेच कानात बोलली.

ऐकल्यावरही त्याचे पाय थांबले नाहीत. तो तिच्याकडं बघत होता, मान हलवून हो हो म्हणत होता, गॉगलच्या खालून पाणी येत होतं आणि पाय आपले ठेक्यात पडत होते. मला वाटतं, थांबायचं कुठून ते त्याला सापडत नव्हतं. शेवटी आत्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून दाबला, भोवरा थांबवतात तसा. तेव्हा तो थांबला.

“कट दिला नाही अजून!” टोपीवाला ओरडला. “ए पांढरा शर्ट!”

फोनच्या काउंटरवर मुलगी म्हणाली, “फोन आठला मिळतील.” रोशन म्हणाला, “राहू दे.” त्याचा घरातल्या माणसांशी बोलायचा आवाज महिनोन्‌महिन्यांनी मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो त्या मुलीशी बोलत होता.

गेटवर बाउन्सरनं आम्हाला पाहिलं. मी, एका पायात स्लीपर असलेली आत्या आणि चमकी लावून रडणारा एक धिप्पाड पोरगा. “म्हणजे खरंच...” तो म्हणाला. आमची रिक्षा वळत असताना तो धावत आला आणि गडू आत आत्याच्या मांडीवर ठेवला.

“मावशी, तुमची गंगा.”

पुलाखाली ट्रॅफिक तुंबलं होतं. तिथंच कुठं तरी सूर्य मावळला, तो आम्हाला फुकटात दिसला. रोशनच्या गळ्यातली माळ आपोआप लाल-हिरवी होत होती. ती बंद कशी करायची हे त्याला माहीत नव्हतं, ते काम दुसऱ्या माणसाकडं असायचं.

“आत्या, बाबा नक्की काय म्हणाले?”

“सांगितलं की कानात.”

“परत सांग.”

“रोश्याला म्हणावं, तोंड दाखव.”

रोशननं बाहेर पाहिलं. मग गाल चोळायला लागला. चमकी गालांवरून बोटांना लागली, बोटांवरून कपाळाला. आत्यानं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि तो लहान असताना पुसायची तसं त्याचं तोंड पुसायला घेतलं. चमकी निघाली नाही, नुसती पसरली.

“असं तोंड कसं दाखवू गं?”

“आहे त्येच दाखवायचं असतं,” आत्या म्हणाली. “रिक्षावाल्या, घुसव की मर्दा कुठूनतरी.”

आई आयसीयूच्या जिन्यात बसली होती. आम्हाला बघून उठली नाही, त्यावरून कळलं.

रोशन आत गेला. आई आणि मी दारातून बघत होतो. त्यानं खाटेजवळ गुडघे टेकले आणि तोंड बाबांच्या तोंडासमोर नेऊन धरलं, बराच वेळ, फोटो काढताना हलू नकोस म्हटल्यासारखं. बाबांचे डोळे सिस्टरनं मिटवले होते. आत्यानं गडूचा डाख सुरीनं फोडला. ह्या वेळी सिस्टरनं अडवलं नाही. बाबा आता पेशंट नव्हते.

दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत आम्ही बसलो होतो. चुलतभाऊ मोबाइल घेऊन घुटमळत माझ्याकडं आला. “निल्या, रागावू नकोस. पण ही आपली आत्याच आहे ना?”

व्हिडिओ छोटाच होता. वरून काढलेला, मग खाली येणारा. गोलाच्या मध्ये आत्या, हात वर, गिरक्या घेतेय. एक पाय अनवाणी. तिचा आवाज काढून त्यावर दणदणीत गाणं बसवलेलं आणि खाली अक्षरं, ‘वय म्हणजे फक्त आकडा! दर रविवारी, मूनशेड.’ लाखोंनी पाहिला होता. लोकांनी लिहिलं होतं, आजी कडक. अशी आजी प्रत्येकाला मिळो. आजी, लग्न कराल का. मधेच एकानं लिहिलं होतं, जागा भंगार आहे, बटाटे अजून आले नाहीत. तो कोण ते मी ओळखलं.

आत्यानं मागं वळून विचारलं, “काय बघताय?” लपवता आलं नाही. तिनं फोन हातात घेतला आणि लांब धरून पाहिला.

“ही मी?”

“हो.”

“मी काय बोलतेय त्यात?”

“ऐकू येत नाही. आवाज काढलाय तुझा.”

तिनं तरी फोन कानाला लावून पाहिला, कुणाचा फोन आल्यासारखा. मग परत समोर धरला. शेवटी रोशन येतो, तिच्याकडं बघून हसतो, हात तोंडाकडं जातो, आणि तिथंच व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

“रोश्याचं तोंड किती झ्याक आलंय,” ती म्हणाली. “रंगाला, तुझ्या बापाला, एवढंच बघायचं होतं.”

फोन परत देऊन ती कावळा बघायला गेली.

ह्याला आता सहा-सात वर्षं झाली. मूनशेड बंद पडलं. तिथं परत कोंबड्या आहेत असं म्हणतात, मी बघायला गेलो नाही. रोशन एका कंपनीत पॅकिंगला आहे. हसताना तोंडावर हात घेतो, दात चांगला असूनही.

मागच्या मार्गशीर्षात आत्या झोपेत गेली. सकाळी आम्ही तिरडीचं सामान आणायला चौकात आलो, तर फ्लेक्स आधीच लागला होता. मंडळाची पोरं अशा कामात फार तत्पर. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. कै. कौसल्याबाई.’ खाली शोकाकुल म्हणून डझनभर गॉगलवाले चेहरे. आणि मध्ये, आमच्या दुमजली घराएवढी आत्या, हात वर, तोंड उघडं, मागं जांभळे लाइट. तिचा दुसरा फोटो कुणाकडं नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची.

मंडळाचा अध्यक्ष बंटी पुढं आला. कपाळावर गंध, हातात मोबाइल, डोळे खरंच लाल. आत्यानं त्याला लहानपणी खूप धपाटे घातले होते.

“रोशनदादा, एक विचारायचं होतं. बँजोवाल्याला बोलावलंय. आत्याला वाजतगाजत न्यायचं, असं पोरांचं म्हणणं आहे. तर त्या व्हिडिओतलं गाणं लावू म्हणतो. पण व्हिडिओवरचं नंतर चिकटवलेलं असतं ना? तुम्ही तिथं होता. आत्या खऱ्या कुठल्या गाण्यावर नाचत होत्या?”

रोशन मान वर करून फ्लेक्सकडं बघत राहिला.

“गाणं नव्हतं,” तो म्हणाला.

“मग काय होतं?”

रोशननं हातातला बांबू माझ्याकडं दिला. तिथंच, चौकाच्या मध्ये, दोन्ही हात वर केले, तिनं केले होते तसे, आणि एका जागी गर्रकन वळत घसा फाटेपर्यंत ओरडला, “रोश्या, पुरं झालं! बाप वाट बघतोय! तोंड दाखव, रोश्या!”

पुन्हा वळला. पुन्हा तेच ओरडला.

बंटी दोन पावलं मागं सरकला. बाकीची पोरंही सरकली. कुणाला काय करावं सुचेना, तेव्हा मागचा एक जण हळूच टाळ्या वाजवायला लागला.